खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

सातपूरच्या कारखान्यात माझी खोली सगळ्यांत थंड होती आणि तिथे सगळ्यांत कमी माणसं यायची. दारावर एसी बसवणाऱ्याने पाटी लावून ठेवली होती, ‘पादत्राणे बाहेर काढावीत’. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघरच. पायाची धूळ आत गेली तर यंत्र बिघडतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. शॉप फ्लोअरवरचा माणूस जड सेफ्टी शूज घालून यायचा, पाटी बघायचा, नाड्या सोडायचा कंटाळा करायचा आणि दारातूनच ओरडायचा, “साहेब, प्रिंट काढून ठेवा, मागनं येतो.” देवळात लोक चपला काढल्यावर निदान पाच मिनिटं टेकतात. माझ्याकडे तेवढंही कुणी टेकायचं नाही.

अख्ख्या कारखान्यात कॉम्प्युटरवाला मी एकटाच. घरीही एकटाच. सातपूर कॉलनीत एक खोली भाड्याने घेतली होती, लग्नाचं दोन ठिकाणी जमता जमता राहिलं, आणि पुढे मीच विषय काढू देईनासा झालो. लोक म्हणायचे, हा माणूस तुसडा आहे. होतोच. पण तुसड्या माणसालाही कुणीतरी समोर बसावं असं वाटतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

समोर बसणारा एक माणूस होता. डाय स्टोअरचे काका. आमच्याकडे पत्र्याचे पार्ट दाबून काढायचे. प्रत्येक पार्टाचा लोखंडी साचा वेगळा, त्याला डाय म्हणत. अशा हजारावर डाय एका लांबलचक शेडमध्ये रॅकवर पडलेल्या असायच्या आणि कोणती कुठे आहे, कुणाच्या काय खोड्या आहेत, हे फक्त काकांना ठाऊक. काका मखमलाबादचे माळी. घरची थोडी शेती, तिच्यात भाजी आणि झेंडू. सकाळी फुलं तोडून मग सायकलीवर पहिल्या शिफ्टला यायचे. अंगाला तेलाचा आणि झेंडूचा असा दोन्हीचा वास यायचा.

मी नोकरीला लागलो त्या वर्षी मॅनेजरसाहेबांनी पहिलं काम दिलं ते डायची यादी कॉम्प्युटरवर चढवायचं. मी तेव्हाच्या चालू डेटाबेसमध्ये प्रोग्राम लिहिला. नंबर, पार्ट, वजन, रॅक, कप्पा. झालं, माझ्या लेखी डाय संपली. काकांना बोलावलं. त्यांनी मुकाट्याने बूट काढले, खुर्चीत बसले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, “आन बाकीचं कुठं लिव्हायचं?”

“बाकीचं काय काका?”

“ह्ये नुसतं नाव-गाव झालं साहेब. सोभाव कुठाय तिचा?”

मी हसलो. काका हसले नाहीत. मग त्यांच्यासाठी म्हणून मी काही महिन्यांनी एक रकाना वाढवला, ‘शेरा’. लांबी कितीही. पुढचे दोन हिवाळे काका दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास येऊन बसायचे आणि एकेका डायचा स्वभाव सांगायचे. तेव्हा देवनागरी टायपिंगची सोय नव्हती, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत काकांचं मराठी जसंच्या तसं उतरवून घ्यायचो.

“हिचा वरचा बोल्ट खोटा हाय. खालचा आवळा.”

“पावसाळ्यात रुसती. पयले धा पत्रे वाया जातील, तिला शिव्या देऊ नका.”

“दिसायला बारकी पन लय मानी. दोघांनी उचला.”

“रॅक सातमधी लिव्हलीय पन तिथं र्‍हात नाय. दारामागं बघा.”

“हिला बशिवताना बोलत बसू नये. एकाचं बोट गेलंय.”

हा शेवटचा शेरा सांगताना ते थांबले होते. कुणाचं बोट, ते मी विचारलं नाही. काकांच्या डाव्या हाताकडे बघितलं आणि टाइप करत राहिलो.

काका माझ्याकडे बसायचे त्याचा आणखी एक दिवस ठरलेला होता, खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळी यंत्रं बंद व्हायची. प्रेस, लेथ, कंप्रेसर, सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पूजा. काका घरच्या झेंडूची पाटी घेऊन यायचे आणि शेवटी माझ्या खोलीत. पहिल्या वर्षी मी सर्व्हर चालूच ठेवला होता. काकांनी कुंकवाचं बोट हवेत धरलं आणि म्हणाले, “बंद करा. चालत्या यंत्राची पूजा करत नसत्यात. वरिसभर राबतंय, एक रात तरी निजू द्या त्याला.”

सर्व्हर म्हणजे कारखान्याचा सगळा डेटा ज्यात, ते मोठं यंत्र. ते कधी बंद करत नसतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले, बोट तसंच हवेत. शेवटी मी बंद केला. काकांनी कुंकू लावलं, माळ घातली, नारळ फोडून खोबऱ्याची वाटी माझ्या हातात दिली आणि खुर्चीत बसून अर्धा तास शेतातल्या गोष्टी सांगितल्या. त्या वर्षापासून हा रिवाजच झाला. एरवी वीज गेली तरी आमचा सर्व्हर थांबायचा नाही. वीज आमच्याच एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तयार होते आणि आमच्याकडूनच पहिली जाते, पण यूपीएस आणि जनरेटर होते. वर्षातून एक रात्र तो झोपायचा, ती खंडेनवमीची.

काका निवृत्त झाले आणि माझ्या खोलीतली खुर्ची रिकामी झाली. शेडमध्ये त्यांच्या जागी आलेला माणूस नंबर बघायचा, रॅक बघायचा, शेरा उघडायचा नाही. “त्यात काय, म्हाताऱ्याच्या गप्पा,” म्हणायचा. त्या गप्पा आता मीच वाचायचो. दुपारचा डबा पडद्यासमोर उघडायचा आणि कुठलाही नंबर टाकायचा. काका बोलायला लागायचे. हसू यायचं, कधी डबा अर्धाच राहायचा. वेडेपणा होता हे कळत होतं. पण दिवसभरात माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. खंडेनवमीला मात्र काका न चुकता यायचे, आता सायकलीऐवजी बसने, मांडीवर झेंडूची पिशवी घेऊन. मला दसरा आवडायचा तो तेवढ्याच अर्ध्या तासासाठी.

दोन हजार सालच्या पुढची गोष्ट. एका दसऱ्याला पूजेनंतर सर्व्हर चालू होता होईना. डिस्क फिरायला लागायची, कण्हायची, थांबायची. तिसऱ्या खेपेला उठली. सुट्टी संपल्यावर मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो आणि नवा सर्व्हर पाहिजे म्हणून सांगितलं.

साहेब म्हणाले, “घेऊ. तसंही पुण्याहून नवं सॉफ्टवेअर येतंय, ब्राउझरवर चालणारं. सगळं त्यातच जाईल. दोन्ही चालतील असं एकच मशीन निवडा. तुमचं ते जुनं नाही चाललं तर नाही चाललं.”

‘तुमचं ते जुनं’. मी नव्या सॉफ्टवेअरची माहिती मागवून बघितली. त्यात डायला शेरा होता, चाळीस अक्षरांचा. चाळीस अक्षरांत काकांचा एक शेरासुद्धा पुरा मावला नसता. तेव्हा माझं ठरलं. साहेबांना दोन्ही चालणारं मशीन हवं होतं, नवं चाललं की त्यांचं भागणार होतं. मला फक्त एवढंच हवं होतं की काकांचे शेरे त्या मशीनवर जिवंत राहावेत.

मी वर्षभर सर्व्हर निवडत होतो म्हटलं तर लोक हसतील. लग्न जमवताना पत्रिका बघतात तसे मी कागद बघत होतो. विकणारे टाय लावून यायचे आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, “दोन प्रोसेसर घ्या साहेब, सगळ्यात फास्ट.” मी जुना प्रोग्राम फ्लॉपीत घालून शहरात कॅनडा कॉर्नरच्या एका दुकानात गेलो. तिथल्या सगळ्यात वेगवान मशीनवर तो चालवला. पहिला पडदा यायच्या आतच इंग्रजी ओळ आली आणि प्रोग्राम मेला. शून्याने भागलं, अशी तक्रार होती.

दुकानदार म्हणाला, “साहेब, सॉफ्टवेअर म्हातारं झालंय.”

मला त्याचा राग आला. रात्रभर विचार केला आणि कारण सापडलं. तो जुना डेटाबेस सुरू होताना यंत्राला एक छोटं काम द्यायचा आणि त्याला किती वेळ लागला ते मोजायचा. नवं यंत्र इतकं चपळ की वेळ शून्य भरायचा, आणि त्या शून्याने तो भागायला जायचा. म्हणजे यंत्र वाईट नव्हतं, प्रोग्रामही वाईट नव्हता. समोरचा इतक्या झटपट काम उरकेल, हे त्या प्रोग्रामच्या वेळी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पुढचे दोन महिने मी रविवारी सायबर कॅफेत बसायचो. जगात माझ्यासारखे आणखी लोक असणार म्हणून इंटरनेटवर प्रश्नोत्तरांच्या एका फोरमवर माझ्या मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. मग कुठल्यातरी देशातल्या, नाव-गाव नसलेल्या माणसाने एका ओळीचं उत्तर आणि एक छोटी फाइल पाठवली. ती बसवली आणि त्याच दुकानातल्या त्याच मशीनवर माझा पहिला पडदा उमटला. मी दुकानदाराला चहा पाजला. त्या परक्या माणसाला आभाराचं लांबलचक पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही.

मग मी सर्व्हर निवडला. एकच प्रोसेसर, कारण माझ्या प्रोग्रामला दुसऱ्याचा उपयोग नव्हता, आणि पुण्याच्या सॉफ्टवेअरलाही पहिली काही वर्षं एक पुरणार होता. वाचलेल्या पैशांत दोन डिस्क, एकीत लिहिलं की दुसरीत आपोआप उमटेल अशा. वीजपुरवठ्याचे डबेही दोन, एक गेला तर दुसरा. चुका सुधारणारी मेमरी. विकणारा म्हणाला, “लोक पळणारं मागतात, तुम्ही न मरणारं मागताय.” मी म्हटलं, “हो, तेच मागतोय.” इतकं काळजीपूर्वक मी आयुष्यात काही निवडलं नव्हतं.

सर्व्हर दसऱ्याच्या आठ दिवस आधी आला. साहेब म्हणाले, “लावून टाका आजच.” आणि मी, सगळं एवढं तोलूनमापून करणारा मी, म्हटलं, “साहेब, आठ दिवसांवर दसरा आहे. साडेतीन मुहूर्तांतला एक. मुहूर्तावरच उघडू.” साहेबांना ते पटलं. आमच्याकडे नवं यंत्र मुहूर्ताआधी कुणी खोक्यातून काढतच नाही. पण माझ्या मनात मुहूर्त नव्हता. मला खंडेनवमीला काका आलेले हवे होते. त्यांनी जुन्याला शेवटचं कुंकू लावावं, नव्याच्या खोक्यावर फूल ठेवावं, खुर्चीत बसावं, आणि मी त्यांना सांगावं की काका, तुमचं सगळं आता या मशीनमध्ये सुखरूप राहणार आहे.

खंडेनवमीला मी सकाळीच खोली पुसून घेतली. काकांची खुर्ची पुसली. दुपारी पूजा सुरू झाल्या. गेल्या वर्षीचं कण्हणं मला चांगलं आठवत होतं. सर्व्हर बंद करू नये, असं मनातून कुणीतरी सांगत होतं. पण काका दारात आले आणि पंखा घरघरताना दिसला तर त्यांचं बोट पुन्हा हवेत थांबेल, असं वाटलं. आणि बॅकअप होताच, रोजचा. शेजारच्या पीसीवर सात फाइली रोज कॉपी व्हायच्या. मी तीन वाजता सर्व्हर बंद केला.

काका आले नाहीत. पाच वाजले, साडेपाच झाले. शेवटी सिक्युरिटीच्या केबिनमधून दोन झेंडू मागून आणले आणि मीच कुंकू लावलं. नारळ फोडायला हात चालला नाही.

दसऱ्याच्या सकाळी कारखान्याला सुट्टी, गेटवर फक्त वॉचमन. मी बूट बाहेर काढून आत गेलो आणि आधी जुना चालू केला. डिस्क एकदा ‘टक’ म्हणाली. पुन्हा ‘टक’. मग काही नाही. मी दहा वेळा प्रयत्न केला, कडेने हलक्या चापट्या मारल्या, दुपारपर्यंत थांबून पुन्हा केला. ती झोपली ती झोपलीच.

तरी धीर सोडला नव्हता. खोकं फोडलं, नवा सर्व्हर लावला, बॅकअपच्या सात फाइली त्यावर चढवल्या, प्रोग्राम सुरू केला. आला. एक नंबर टाकला. पार्ट बरोबर, वजन बरोबर, रॅक बरोबर. शेरा उघडला तर पडद्यावर आलं की फाइल सापडत नाही. त्या क्षणी मला सगळं एकदम दिसलं. लांब मजकूर तो डेटाबेस शेजारी वेगळ्या फाइलीत ठेवायचा. कोणत्या फाइली कॉपी करायच्या ते सांगणाऱ्या बॅकअपच्या चार ओळी मी पहिल्याच वर्षी लिहिल्या होत्या, शेऱ्याचा रकाना नंतर आला होता. आठवी फाइल त्या चार ओळींत मी कधी घातलीच नव्हती. इतकी वर्षं रोज पडद्यावर कॉपी झालेल्या फाइलींचा सात हा आकडा बघून समाधानाने घरी जात होतो. मी खाली फरशीवर बसलो आणि रडलो. वॉचमन दारातून डोकावला, पाटी बघून आत आला नाही.

सुट्टीनंतर साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “डायची यादी आली ना सगळी?”

“आली.”

“मग? गेलं काय?”

मी म्हटलं, “शेरे गेले.” साहेबांनी मान हलवली आणि पुण्याला फोन लावला. मुंबईला डिस्क उघडून देणारे आहेत, असं मी दोनदा बोलून बघितलं. तेवढ्या खर्चात दुसरा सर्व्हर आला असता. त्यांचंही चुकलं नाही. कारखान्याचं खरंच काही गेलं नव्हतं, प्रेस दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे दणदणत होते.

पुढच्या रविवारी मी दोनशे पानी वही आणि दोन पेनं घेऊन मखमलाबादला गेलो. मनात हिशेब सरळ होता. सांगणारा माणूस अजून आहे, पुन्हा सांगेल. दोन हिवाळे लागले होते, आणखी दोन लागतील. खरं सांगायचं तर त्या विचाराने मला थोडं बरंही वाटत होतं.

काका ओटीवर खाटेवर पडून होते. गुडघे गेले होते, म्हणून आले नव्हते. मला बघून उठून बसले. काकूंनी चहा टाकला. काकांनी पहिलंच विचारलं, “नवमीला बंद केला व्हता ना?”

“केला होता काका.”

“ब्येस.”

मी वही काढली. म्हटलं, “काका, ती पावसाळ्यात रुसणारी डाय, तिच्याबद्दल आणखी काय होतं?”

काका विचारात पडले. मग हसले. “कोनती वो? आता नाय ध्यानात.”

मी दुसरी विचारली, तिसरी विचारली. प्रत्येकीला तेच. त्यांचं डोकं शाबूत होतं. शेतातल्या कुठल्या सरीत किती रोपं लावली ते सांगत होते. मी म्हटलं, “काका, तुम्हाला तर सगळ्या तोंडपाठ होत्या.”

“व्हत्या ना. पन तुमाला सांगून टाकल्या की सगळ्या. एकदा तुमच्या मशिनीत गेल्या मंग म्या कशापायी वागवायच्या? लय वझं व्हतं साहेब डोक्यावर. तुमी उतरून घेतलं, म्या मोकळा झालो.” आणि मग सहज म्हणाले, “हायेत ना समद्या?”

मी काकांकडे बघितलं. वही मिटली. म्हटलं, “आहेत काका. नव्या मशीनवर घेतल्या.”

“मंग वाचा की यखांदी. बगू तरी काय बोल्लो व्हतो.”

इतकी वर्षं डब्याबरोबर वाचलेले शेरे मला पाठ होते. सगळे नव्हेत, पण चाळीस-पन्नास तरी. मी एकेक म्हणून दाखवायला लागलो, त्यांच्याच बोलीत. वरचा बोल्ट खोटा हाय. दिसायला बारकी पन लय मानी. काका मांडीवर थाप मारून हसायचे, “आयला, ह्ये म्या सांगितलं?” काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, त्याही हसायला लागल्या. बोटाचा शेरा मी मुद्दाम गाळला. काका म्हणत राहिले, “अजून यक.” मी सांगत राहिलो. मग आठवेनासं झालं. एक पुन्हा सांगून बघितला, तो काकांनी ओळखला. “झाली की ही. दुसरी सांगा.”

दुसरी नव्हती. काका वाट बघत होते. मी म्हटलं, “खालच्या कप्प्यात एकटीच पडलेली असती. आठवड्यातनं एकदा तरी कुनी हात फिरवावा, नायतर गंज धरती.”

अशी डाय नव्हती. असा शेरा काकांनी कधी सांगितला नव्हता. ते हसतील, म्हणतील, साहेब, ही माझी नाय, अशी मी वाट बघितली. मनापासून बघितली.

काकांनी डोळे मिटून क्षणभर आठवल्यासारखं केलं आणि मान हलवली. “बराबर,” म्हणाले. “ही तर चांगली ध्यानात हाय माज्या. अजून यक सांगा.”

काकूंनी चहाचा कप माझ्या हातात दिला. मी पुढची रचायला लागलो.